हंपीला जायचंय: पुस्तक वाचू की मोबाईल चाळू?

गंगापूररोडकर:
डिसेंबरच्या सुट्टीत हंपी ठरलंय. नाशिकहून गाडीनेच. आम्ही दोघं, सहावीतली लेक आणि माझे आई-बाबा. आईचे गुडघे कुरकुरतात, हे आधीच सांगून ठेवतो.

गेले तीन आठवडे रोज रात्री जेवणं झाली की मोबाईल घेऊन बसतोय. व्हिडिओ बघितले, रिव्ह्यू वाचले, दोन ग्रुपवर विचारलं. एक म्हणतो एका दिवसात हंपी उरकतं, दुसरा म्हणतो चार दिवससुद्धा कमी. एक म्हणतो जवळच्या होसपेट शहरात राहा, दुसरा म्हणतो होसपेटला राहिलात तर हंपी बघितलंच नाही. ठरलं काय? काहीच नाही.

मग रविवारी एका मित्राने त्याचं गाईडबुक आणून दिलं, २०१७ च्या आवृत्तीचं. दोन चहात हंपीचा भाग वाचून झाला आणि गावाची रचना पहिल्यांदा डोक्यात बसली. नदीकाठी विरूपाक्षाच्या बाजूला देवळांचा भाग, दक्षिणेला कमलापूरच्या अंगाला राजवाड्यांचा भाग, मधे केळीच्या बागा नि शेतं. म्हणजे एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. इतकी साधी गोष्ट एकाही व्हिडिओत धड सांगितलेली नव्हती. तिथे सगळे नुसते ड्रोन उडवतात.

माझं मत झालंय: बेत पुस्तकावरून आखावा, मोबाईल पेट्रोल पंप शोधायला ठेवावा. पटत नसेल तर बोला.

सिडकोवाला:
अजिबात पटत नाही. तुमच्या त्या पुस्तकात राहण्याचं पान उघडा. नदीपलीकडे विरुपापूर गड्डी, झोपाळे, भाताची खाचरं, स्वस्त गेस्टहाऊस असं सगळं असेल. बरोबर? सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर २०२० मध्ये तिथली ती गेस्टहाऊस पाडली. तुमच्या पुस्तकात ती अजून उभी आहेत. आई-बाबांना घेऊन रात्री आठ वाजता तिथे पोहोचला असतात म्हणजे कळलं असतं.

गंगापूररोडकर:
उघडलं. पानभर आहे. झोपाळ्यांसकट.

सिडकोवाला:
😄 तेच म्हणतोय.

जुनी पंचवटीकर:
सिडकोवाले, तुमचा मुद्दा राहण्याजेवणापुरता खरा. पण माणूस एवढ्या लांब खोली बघायला जातो का?

आमच्याकडे पाहुणे येतात ते मोबाईलवर सगळं वाचून. रामकुंडाबद्दल त्यांना काय ठाऊक असतं? गाडी कुठे लावायची आणि पाणी किती घाण आहे. समोर कपालेश्वर. शंकराचं देऊळ असून पुढे नंदी नाही. पायऱ्या चढून दर्शन घेऊन खाली येतात, तरी ते कोणाच्या लक्षात येत नाही. मी म्हटलं की मग परत वर बघायला जातात. नंदी का नाही याची गोष्ट लिहिणारं एखादं पातळ पुस्तक हातात असतं तर माझे गुडघे वाचले असते. (गंगापूररोडकर, आईंना माझा नमस्कार सांगा.)

आता हंपी. विरूपाक्षाच्या देवळात मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीत भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते. भोकातून आत येणारा उजेड, दुसरं काही नाही. लेकीला पुस्तकातला पिनहोल कॅमेरा तिथे दाखवता येईल. आणि विठ्ठल मंदिर! सगळे दगडी रथापुढे फोटो काढतात, खांब वाजतात का म्हणून विचारतात. गाभाऱ्यात मूर्ती नाही. आपल्याकडे परंपरेने सांगतात की कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा विजयनगरला, म्हणजे याच हंपीला, नेला आणि नाथांचे पणजोबा भानुदास महाराज यांनी तो परत आणला. इतिहासाच्या कसोटीला ही कथा किती उतरते ते अभ्यासक बघतील. पण दर आषाढीला वारीचं कौतुक करणाऱ्या मराठी माणसाने त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर दोन मिनिटं तरी थांबावं की नाही? पाच तारे देणाऱ्याने तिथे काय लिहिलंय, तर 'लिंबू सोडा छान मिळतो'.

आणि पुस्तक जुनं झालं म्हणून रद्दीत जात नाही. नाशिक जिल्ह्याचं इंग्रजांच्या काळातलं गॅझेटिअर १८८३ चं आहे. पांडवलेण्यांना जायच्या आधी मी आजही त्यातली पानं वाचते.

सिडकोवाला:
काकू, गॅझेटिअर मान्य. पण ते वाचून कोणी खोली बुक करत नाही.

मेनरोडचा बाळ्या:
रिव्ह्यूवर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी: २०१७ मध्ये लंडनला एका पत्रकाराने घराच्या परसातली शेड रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायझर या रिव्ह्यूच्या साईटवर टाकली. दोस्तमंडळींकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले. ती शेड लंडनमधलं एक नंबरचं रेस्टॉरंट ठरली. तिथे कोणी जेवलेलंच नव्हतं.

सिडकोवाला:
आणि २००८ मध्ये एका गाईडबुक लेखकाने कबूल केलं की कोलंबियावरच्या पुस्तकाचं काम त्याने त्या देशात पाऊल न टाकता केलं. प्रकाशक म्हणाले, त्याच्याकडे फक्त इतिहासाचा भाग होता. असेल. पण छापलं म्हणजे खरं, हे आता सोडा. रिव्ह्यूत निदान खाली दुसरा माणूस येऊन 'हा खोटं बोलतोय' असं लिहू शकतो. पुस्तकाच्या पानावर ती सोय नाही.

इंदिरानगरी:
मी दोन्हीकडून पोळलेली, म्हणून लिहिते. गेल्या मे महिन्यात कोकणात एक ठिकाण नुसते तारे बघून घेतलं. ४.७. पोहोचलो तर वरच्या मजल्याचं काम चालू, सकाळी सातपासून ड्रिल. घरी येऊन नीट बघितलं, तर चांगले रिव्ह्यू सगळे एकाच आठवड्यातले आणि सगळ्यांत मालकाचं नाव घेऊन कौतुक.

तेव्हापासून माझी पद्धत: पाच तारे आणि एक तारा दोन्ही वाचायचे नाहीत. तीन तारेवाला माणूस खरं बोलतो, त्याला ना भांडायचं असतं ना उपकार फेडायचे असतात. सगळ्यांत नवे रिव्ह्यू आधी लावायचे. मालकाचे फोटो सोडून गिऱ्हाइकांनी काढलेले बघायचे, त्यात बाथरूम दिसतं. आणि शेवटी फोन करायचा, 'लिफ्ट आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत'. जो उत्तर द्यायला कां कू करतो तिथे जायचं नाही.

रील्सबद्दल मात्र बोलायलाच नको. हरिहर गडाच्या कोरीव पायऱ्यांवर शनिवार-रविवारी रांग लागते ती पुस्तक वाचून आलेल्यांची नव्हे.

द्वारकेचा प्रवासी:
तात्त्विक चर्चा झाली असेल तर कामाचं सांगतो, आमचे साडू दोनदा जाऊन आलेत.

सोलापूर, विजापूर, इलकल करत होसपेट. एका दमात जाऊ नका, आई-बाबा आहेत. विजापूरला मुक्काम करा, सकाळी गोलघुमट बघा, तिथला आवाज घुमतो तो लेकीला आवडेल. इलकलला साडीचं दुकान लागणार, तो तास हिशेबात धरा. नाही धरलात तरी जाणारच आहे.

विठ्ठल मंदिराच्या अलीकडे साधारण किलोमीटरभर गाडी थांबवतात, पुढे बॅटरीच्या गाड्या असतात. आईंसाठी ते बरं. विठ्ठल मंदिराचं तिकीट त्याच दिवशी कमळमहालाला आणि कमलापूरच्या म्युझियमला चालतं, तेव्हा फाडून टाकू नका. नदीपलीकडच्या अंजनाद्री डोंगराला (तिकडे तो मारुतीचं जन्मस्थान मानतात) सुमारे ५७५ पायऱ्या आहेत. आईंना खालीच बसवा. राहायला कमलापूर किंवा होसपेट.

यातलं मी ना पुस्तकात वाचलं ना मोबाईलवर. साडूंना एक फोन केला.

मेनरोडचा बाळ्या:
म्हणजे तिसरा पक्ष: साडू.

त्र्यंबकचा:
थांबा थांबा. अंजनाद्री? मारुतीचा जन्म आमच्या अंजनेरीचा. या वादावर २०२२ मध्ये नाशिकात धर्मसभा भरून हातघाईची वेळ आली होती, आणि तुम्ही नाशिकचे असून तिकडच्या पायऱ्या मोजताय?

जुनी पंचवटीकर:
जाऊ द्या हो, मारुतीच तो. उडी मारून दोन्हीकडे जाईल.

गंगापूररोडकर:
सगळ्यांचे आभार, त्र्यंबककरांचे जरा घाबरत.

माझं मत अर्धं मागे घेतो. राहण्याचं पान पुस्तकातून फाडलं नाही, मित्राचं आहे, पण पेन्सिलीने काट मारली. कमलापूरला दोन ठिकाणी फोन केला, तीन तारेवाले रिव्ह्यू वाचून. एकाने गरम पाण्याचं विचारल्यावर 'सर, डोन्ट वरी' म्हटलं, तो बाद. दुसऱ्याने 'सकाळी नऊपर्यंत, नंतर बादली आणून देऊ' म्हटलं, त्याच्याकडे दोन खोल्या घेतल्या.

बघायचं काय ते मात्र पुस्तकावरूनच, सिडकोवाले. लेकीने उलट्या गोपुराची खूण घातलीये आणि वडिलांनी भानुदास महाराजांचं पान दुमडून ठेवलंय. इलकलचा तास बायकोने दोन तास केला आहे.