वांगारी मथाईंचं खरं काम कोणतं: लावलेली झाडं की वाचवलेल्या जागा?

माळरान:
केनियाच्या पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाईंच्या ग्रीन बेल्ट या झाडं लावण्याच्या चळवळीचा विषय निघाला की ५ कोटी झाडांचा आकडा पुढे येतो. मला मथाईंचं मोठं काम जमीन राखण्याचं वाटतं. १९८९ साली नैरोबीच्या उहुरू पार्कात सत्ताधारी पक्षाच्या वृत्तपत्र समूहासाठी ६० मजली इमारत होणार होती. मथाईंनी सरकारपासून परदेशी गुंतवणूकदारांपर्यंत सगळ्यांना पत्रं लिहिली. गुंतवणूकदार मागे हटले, उद्यान वाचलं. १९९९ मध्ये नैरोबीतल्या करुरा जंगलातले भूखंड खासगी लोकांना वाटले जात होते. तिथे रोप लावायला गेल्यावर गुंडांनी मथाईंचं डोकं फोडलं. करुरा आज उभं आहे. मेलेल्या रोपाजागी दुसरं लावता येतं, पण गिळलेली सार्वजनिक जमीन सहसा सुटत नाही.

प्राची:
अजिबात पटत नाही. १९७७ पासून त्यांनी खेड्यातल्या बायकांना उभं केलं, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आलं. पद्धत बघा. गटानं आसपासच्या झाडांचं बी गोळा करून रोपवाटिका करायची. लावणाऱ्यानं आधी खड्डे खणायचे, ते तपासल्यावरच रोपं मिळायची. पुढे काही महिन्यांनी पाहणी, आणि जगलेल्या रोपालाच पैसे: सुरुवातीला अमेरिकी ४ सेंट. लावण्याचे पैसे दिले की रोपं उन्हात टाकून फोटो काढले जातात, जगवण्याचे दिले की शेळीपासून राखली जातात. पदविकेशिवाय झाडं लावता येत नाहीत, असं वनाधिकारी म्हणत होते. बायकांनी फुटक्या मडक्यांत रोपं वाढवून दाखवली.

माळरान:
पद्धत चोखच होती. पण काही महिने जगलं म्हणजे झाड झालं नाही. शिवाय मोजून पैसे मिळाले की पटकन वाढणारी विदेशी झाडं सोयीची वाटतात, मुगुमो, म्हणजे तिथला देशी उंबरवर्गीय वृक्ष, मागे पडतो. निलगिरी ओढ्याकाठी लावली की पाणी ओढते.

प्राची:
म्हणूनच चळवळ पुढे देशी झाडांकडे वळली. ओढ्याकाठच्या निलगिरीला तर खुद्द मथाईंचा विरोध होता.

अनिकेत:
२०१० च्या केनियाच्या राज्यघटनेत कलम ६९ खाली किमान १० टक्के वृक्षाच्छादनाचं उद्दिष्ट आलं. त्यामागे या दोन्ही कामांचा हात आहे असं मी मानतो. पण २०२२ च्या अखेरीस सरकारनं २०३२ पर्यंत १५ अब्ज झाडांची घोषणा केली आणि २०२३ मध्ये जंगलातली झाडं तोडण्यावरची बंदी उठवण्याचंही जाहीर केलं. प्राची, खड्डे तपासणारा गावातला माणूस या आकड्यात कुठे बसतो?

प्राची:
तो नसेल तर ती मथाईंची पद्धत नव्हे. पैसे गावातल्या गटाकडे आणि मोजणी जगलेल्या झाडांची, एवढं तरी हवंच.

माळरान:
आणि ज्या जमिनीवर लावणार, ती पुढे कुणाच्या नावावर होणार नाही याची हमी. ती या घोषणेत कुठे आहे?