रोजच्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी गाडी: जुनीच सांभाळावी की दुसरी घ्यावी?

वाटसरू (प्रश्न)

नमस्कार. आम्ही दोघे, आठ आणि दोन वर्षांची दोन मुले आणि गुडघेदुखीने बेजार असलेली माझी आई अशी घरात पाच माणसे आहोत. आमची गाडी ११ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर टाकण्याची आहे आणि आजवर ती १,३८,००० किलोमीटर धावली आहे. शाळा, पाळणाघर, ऑफिस आणि दवाखाना अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या दिवसातून तीन-चार वेळा होतात आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये इंजिन पूर्ण थंड होते. लांबचा प्रवास दोन-तीन महिन्यांतून एकदा, तोही जाऊन-येऊन ४०० किलोमीटरच्या आसपास.

गेल्या आठवड्यात रस्ता तुंबल्यामुळे पंधरा मिनिटे एकाच जागी उभे राहावे लागले, तेव्हा तापमानाचा काटा मधली खूण ओलांडून वर चढला. गाडी पुढे सरकू लागल्यावर तो आपोआप खाली आला. गॅरेजमध्ये दाखवली तेव्हा पाणी कमी झाले होते ते भरले, एवढेच मला सांगण्यात आले. तेव्हापासून घरात गाडी बदलण्याचा विषय निघाला आहे. एका नातेवाइकांची पाच वर्षे वापरलेली मोठी डिझेल गाडी मिळू शकते आणि डिझेलचे ॲव्हरेज चांगले पडते असे सगळेच सांगतात. ती घ्यावी का? आणि जुनीच ठेवायची ठरवली, तर तिच्याकडे नेमके कोणत्या गोष्टींसाठी लक्ष द्यावे लागेल?

सुकाणू

तुमच्या वापराचे जे वर्णन तुम्ही केले आहे ते वाचल्यावर डिझेल गाडीचा विचार सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सांगेन. अलीकडच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा एक फिल्टर असतो, ज्याला डीपीएफ म्हणतात. त्यात साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी त्याचे तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते. मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ गाडी चालली की हे काम चालकाच्या नकळत होऊन जाते. परंतु चार किलोमीटरनंतर इंजिन बंद होत असेल, तर गाडी काजळी जाळण्याची सुरुवात करते, ती अर्धवट राहते, पुढच्या फेरीत पुन्हा सुरुवात होते आणि त्यासाठी जादा सोडलेल्या डिझेलपैकी काही भाग खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. फिल्टर चोंदला की बदलण्याचा खर्च मोठा असतो, आणि चांगल्या ॲव्हरेजने इंधनावर वाचवलेले सगळे पैसे त्या एका दुरुस्तीत जाऊ शकतात. शिवाय जे ॲव्हरेज तुम्हाला सांगितले जाते ते गरम झालेल्या इंजिनाचे असते. थंड इंजिनावर पहिल्या काही किलोमीटरांत कोणतीही गाडी जास्तच इंधन खाते.

पुढेमागे गाडी बदलाल तेव्हा साधे पेट्रोल इंजिन, हायब्रिड (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी) किंवा, राहत्या जागी चार्जिंगची सोय असेल तर, विजेवरची गाडी यांचा विचार करा. विजेच्या गाडीला इंजिन गरम होण्याची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे तुमच्यासारख्या वापराला ती उत्तम जुळते. मात्र तिलाही देखभाल लागतेच. वेग कमी करण्याचे बरेच काम मोटरच करते, म्हणून ब्रेक कमी वापरले जातात आणि डिस्कवर गंज धरतो. वजन जास्त असल्यामुळे टायरही लवकर झिजू शकतात.

वंगण

गाडी घ्यावी की ठेवावी हे ठरवण्यापूर्वी तो काटा का चढला याचा छडा लावा, कारण तुमच्या वर्णनातच अर्धे निदान आहे. गाडी धावत असते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो. ती उभी असते तेव्हा ते काम फक्त पंखा करतो. उभे असताना तापणे आणि चालू लागताच निवणे हे पंखा, त्याचा रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच), फ्यूज किंवा तापमान मोजणारा सेन्सर यांपैकी कशाततरी बिघाड असल्याचे लक्षण आहे. उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना काटा चढत असता, तर मी रेडिएटर आतून चोंदला आहे का किंवा थर्मोस्टॅट (गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) पूर्ण उघडतो का, हे आधी पाहायला सांगितले असते. मोकळ्या जागी गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा आणि काट्यावर नजर ठेवून पंख्याचा आवाज येतो का ते ऐका. काटा मधल्या खुणेच्या वर सरकला तरी पंखा फिरत नसेल, तर लगेच इंजिन बंद करा.

दुसरा प्रश्न असा की पाणी गेले कुठे? ती बंद यंत्रणा आहे, त्यामुळे त्यातले द्रव वरचेवर कमी होण्याचे काही कारण नाही. 'कमी होते, भरले' हे उत्तर मान्य करू नका. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा आणि सकाळी ओल कुठे पडली आहे ते पाहा. पाण्याच्या पंपाखाली, होजच्या (रबरी नळ्यांच्या) क्लिपांपाशी आणि रेडिएटरच्या कडांना पांढरट किंवा रंगीत डाग आहेत का ते टॉर्चने तपासा. आणि नुसते पाणी भरले असेल तर ते काढून टाकून योग्य कूलंट भरून घ्या. कूलंटमध्ये सहसा निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे शुद्ध केलेले पाणी असते. त्यामुळे उकळण्याचा बिंदू वर जातो, गोठण्याचा खाली जातो आणि आतले धातू गंजत नाहीत. गंज रोखणारे घटक काही वर्षांत संपतात, म्हणून पातळी बरोबर असली तरी कूलंट बदलावे लागते. रंग सारखा दिसला म्हणून दोन वेगळ्या प्रकारांची कूलंट एकत्र करू नका; रंगाला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही, म्हणून पुस्तिकेत जो प्रकार सांगितला असेल तोच घ्या.

एक सूचना कळकळीने करतो. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतले द्रव दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते, आणि झाकण सैल होताच दाब जातो व ते क्षणात उसळून तोंडावर येते. मी अशा भाजलेल्या माणसाचा हात पाहिला आहे.

खिडकीजवळ

वरील दोघांनी इंजिनाबद्दल लिहिले आहे, तर मी आत बसणाऱ्यांबद्दल लिहिते, कारण कुटुंबाची गाडी निवडताना सर्वांत जास्त चुका तिथेच होतात असा माझा अनुभव आहे. आम्ही गाडी पाहायला गेलो तेव्हा सासूबाईंना बरोबर नेले आणि त्यांना चार गाड्यांत बसून-उठून पाहायला लावले. पहिल्या गाडीची सीट इतकी खाली होती की उठताना त्यांना दाराच्या चौकटीला धरून अंग वर ओढावे लागले. दुसरी उंच होती, पण तिचा उंबरठा रुंद होता, त्यामुळे पाय बाहेर टेकवण्यासाठी त्यांना सीटच्या अगदी कडेला घसरत यावे लागले. तिसऱ्या गाडीत त्या पाठ वळवून सरळ बसल्या आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घेतले, कुणाच्याही मदतीशिवाय. सीटची उंची गुडघ्याच्या किंचित वर होती, एवढाच काय तो फरक. माहितीपत्रकात हा आकडा मिळत नाही, त्यामुळे आईंना प्रत्यक्ष घेऊन जाण्याला पर्याय नाही.

दोन वर्षांच्या मुलाची सीट मागे तोंड करून बसवत असाल, तर एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ती कधीही ठेवू नये. एअरबॅग ज्या जोराने उघडते तो जोर थेट बाळाच्या डोक्यामागे आदळतो. मोठ्या मुलालाही गाडीचा पट्टा मानेवर न येता खांद्यावरून आणि पोटावर न येता मांड्यांच्या वरच्या हाडांवरून जाईपर्यंत बूस्टर (मुलाला उंच बसवणारी जादा सीट) लागतो. तेवढी उंची साधारण १३५ ते १५० सेंटीमीटरच्या दरम्यान येते. दोन्ही बाजूंना मुलांच्या सीटा लागल्यावर मधे मोठे माणूस बसू शकत नाही, अशा गाड्या बऱ्याच आहेत. तुम्ही पाच जण आहात, तेव्हा आपल्या सीटा सोबत न्या, त्या लावून पाहा आणि मगच पाचव्या माणसाला मधे बसवून दार बंद होते का ते बघा. मुलांची सीट अडकवायच्या आयसोफिक्स नावाच्या कड्या मागच्या सीटच्या फटीत हात घालून सहज सापडतात का, तेही पाहा; त्या सापडत नसतील तर घाईच्या सकाळी सीट नीट लावली जात नाही.

वाटसरू

आपणा सर्वांचे मनापासून आभार. डिझेल गाडीचा विचार सोडला. सांगितल्याप्रमाणे तपासले तेव्हा काटा मधल्या खुणेच्या वर गेला तरी पंखा फिरला नाही, म्हणून इंजिन बंद केले. रिले बदलल्यावर पंखा वेळेवर सुरू होतो आहे. पुठ्ठ्यावर एका होजच्या टोकाखाली थेंब सापडले. होज आणि क्लिप बदलून कूलंट नवे भरले.

त्याच वेळी ऑइल भरण्याचे झाकण उघडले, तर त्याच्या आतल्या बाजूला पिवळसर-पांढरा, सायीसारखा थर दिसला. हे पाहून घाबरलो आहे. शिवाय पुढच्या डाव्या टायरची आतली कड हाताला गुळगुळीत लागते, बाहेरून मात्र तो चांगला दिसतो.

वंगण

लगेच घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) काढून पांढऱ्या कागदावर पुसा. तिच्यावरचे ऑइल स्वच्छ तपकिरी किंवा काळपट असेल, कूलंटची पातळी आता स्थिर राहत असेल आणि साय फक्त झाकणाखालीच असेल, तर ते बहुधा छोट्या फेऱ्यांमुळे साठलेले बाष्प आहे. इंधन जळताना पाणी तयार होते आणि त्यातले थोडे ऑइलपर्यंत पोहोचते; ऑइल नीट तापले की ते वाफ होऊन निघून जाते. काटा मधे आला म्हणजे ऑइलही तापले असा समज आहे, पण तो चुकीचा आहे. ऑइलला त्यानंतरही बराच वेळ लागतो आणि तुमची फेरी तोपर्यंत संपलेली असते. डिपस्टिकवरचे ऑइलही चहासारखे दुधाळ असेल, तर मात्र हेड गॅस्केटमधून (इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलमधून) कूलंट आत शिरल्याची शंका घ्यावी लागेल. तसे असेल तर गाडी चालवूच नका.

पुस्तिकेत ऑइल बदलण्याची दोन वेळापत्रके असतात आणि कठीण वापराचे वेळापत्रक बहुतेक लोक वाचतच नाहीत. सतत छोट्या फेऱ्या हा कठीण वापरच आहे. अंतर भरो न भरो, त्या वेळापत्रकातले महिने भरले की ऑइल आणि फिल्टर बदला. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर गाडी नेलीत तर ऑइलमधले पाणी निघून जाईल आणि बॅटरीही पूर्ण भरेल. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मीटरने मोजा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी.

सुकाणू

टायरची फक्त आतली कड झिजली आहे म्हणजे अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कोन) बिघडली आहे किंवा सस्पेन्शनचा एखादा सांधा ढिला झाला आहे. आधी सांधे तपासून घ्या, नंतर अलाइनमेंट करा. ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट टिकत नाही. दोन्ही कडा सारख्या झिजल्या असत्या तर हवा कमी राहिली असे म्हटले असते, आणि मधला पट्टा झिजला असता तर जास्त. हवा नेहमी टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत दिलेल्या आकड्याइतकी भरा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर छापलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो आणि तोच भरण्याचा आकडा समजण्याची चूक खूप जण करतात. त्याच भिंतीवर लंबगोलातले चार अंक पाहा. '३६१९' असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या ३६व्या आठवड्यात तयार झाला आहे. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते. स्टेपनीचेही हे अंक वाचा.

ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले ते शोधा. ते हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ या दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, तर ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांची आहे. लांबच्या उतारावर ब्रेक तापले की आत वाफ धरते आणि पेडल अचानक तळाला जाते. दर दोन वर्षांनी ते बदलावे, मग गाडी कितीही कमी चाललेली असो.

वंगण

एक महत्त्वाचे राहिले होते. तुमच्या इंजिनात व्हॉल्व्हची आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणारी टायमिंग चेन आहे की रबराचा बेल्ट, हे पुस्तिकेत पाहा. बेल्ट असेल आणि तो बदलल्याची नोंद तुमच्याकडे नसेल, तर लांबच्या प्रवासाआधी तो बदलाच. त्याला किलोमीटरची जशी मर्यादा असते तशी वर्षांचीही असते, आणि ११ वर्षांत ती सहसा ओलांडलेली असते. तो तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग गाडी ठेवायची की विकायची हा निर्णय तुमच्या हातात राहत नाही. बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) बदला आणि पाण्याचा पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही, कारण खोलण्याची मजुरी एकदाच पडते. हा खर्च विचारून घ्या, त्यात सांधे, अलाइनमेंट आणि टायरचा खर्च मिळवा आणि मग तो आकडा दुसऱ्या गाडीच्या किमतीशेजारी ठेवून पाहा. डिपस्टिकवर काय दिसले ते मात्र आजच कळवा.

वाटसरू

डिपस्टिक पुसून पाहिली, ऑइल स्वच्छ तपकिरी आहे आणि चार दिवसांत कूलंटची पातळी हललेली नाही. पुस्तिकेप्रमाणे बेल्टच आहे आणि तो बदलल्याची नोंद कुठेच नाही. सोमवारी गाडी त्या कामाला देतो आहे.