फ्रेंच अँपारफे: ‘झोपली होती’ आणि ‘राहत होतो’ यांचे भाषांतर नेमके कसे करावे?

सुरंगी, वेंगुर्ले

नमस्कार मंडळी. मी गेले वर्षभर घरूनच फ्रेंच शिकत आहे आणि सध्या डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या ए-२ पातळीची तयारी करत आहे. त्या परीक्षेत स्वतःच्या अनुभवावर साठेक शब्दांचा मजकूर लिहावा लागतो, म्हणून सरावासाठी मी मालवणच्या आठवणींवर एक परिच्छेद लिहून माझ्या शिक्षिकेला पाठवला. अँपारफेची, म्हणजे फ्रेंचमधल्या अपूर्ण भूतकाळाची, रूपे मला बनवता येतात. वर्तमानकाळातील ‘नू’चे (आम्ही) रूप घ्यायचे, त्याच्या शेवटचे ‘ओं’ काढायचे आणि प्रत्यय लावायचे, एवढे पाठ झाले आहे. (फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे लिहिते; अँपारफेच्या शेवटी येणारा उघडा ‘ए’ दाखवण्यासाठी ‘ॲ’ वापरला आहे, म्हणजे ‘पार्लॅ’ हे ‘पार्ले’पासून वेगळे ओळखू येईल.)

अडले ते वापरात. ‘आम्ही पोहोचलो तेव्हा आजी ओटीवर झोपली होती’ या वाक्यासाठी मी ‘एल आवॅ दोर्मी’, म्हणजे प्लुस-क-पारफे (त्याआधीच घडून गेलेल्या क्रियेचा भूतकाळ) वापरला. शिक्षिकेने तो खोडून ‘एल दोर्मॅ’ असा अँपारफे लिहिला. पुढच्याच वाक्यात ‘आम्ही दहा वर्षे मालवणात राहत होतो’ यासाठी मी ‘नू-झाबितियों’ असा अँपारफे वापरला, तर तोही खोडून तिथे ‘नू-झावों आबिते’ असा पासे कोंपोझे (घडून संपलेल्या गोष्टीचा साधा भूतकाळ) आला. म्हणजे मराठीत जिथे क्रिया पूर्ण झालेली दिसते तिथे अँपारफे हवा, आणि जिथे ती चालू दिसते तिथे नको! दुरुस्ती बरोबरच असणार, पण तिच्यामागचा नियम मला कळलेला नाही. शिवाय ‘मांझे’ (खाणे) या क्रियापदाच्या ‘झ मांझॅ’ या रूपात जादा ‘ई’ हे रोमन अक्षर राहते आणि ‘नू मांझियों’मध्ये मात्र ते नसते, हे का, तेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

कातळ, रत्नागिरी

सुरंगी, तुमच्या दोन्ही चुका मराठीतून आलेल्या आहेत, आणि मी शिकवत होतो तेव्हा वर्गात दरवर्षी त्या भेटत असत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आजीचे वाक्य घेऊ. मराठीत बसणे, झोपणे, उभे राहणे, नेसणे, भूक लागणे अशी बरीच क्रियापदे अशी आहेत की त्यांतली क्रिया एका क्षणात होऊन जाते आणि मागे एक अवस्था उरते. ती अवस्था सांगायची असली की आपण भूतकाळी रूपाला ‘होता’ जोडतो: बसला होता, लाल साडी नेसली होती, भूक लागली होती. रूप पूर्ण भूतकाळाचे असले तरी अर्थ मात्र ‘त्या वेळी ती अशी होती’ एवढाच असतो. फ्रेंचमधले ‘दोर्मीर’ हे क्रियापद मुळातच झोपेत असण्याचे आहे. डोळा लागण्यासाठी त्या भाषेत ‘सांदोर्मीर’ असे वेगळे क्रियापद आहे. त्यामुळे तुम्ही ओटीवर पाहिलेली आजी ‘एल दोर्मॅ’ अशीच लिहावी लागते. लाल साडी नेसली होती म्हणजे ‘एल पोर्तॅ अं सारी रूझ’ आणि भूक लागली होती म्हणजे ‘झावॅ फँ’. ही सगळी वाक्ये अँपारफेमध्येच येतात.

मग प्लुस-क-पारफे कुठे येईल? जिथे ‘तेव्हा’ काढून ‘त्याआधीच’ घालता येते तिथे. ‘आम्ही पोहोचलो त्याआधीच आजी जेवली होती’ हे वाक्य अर्थाला धरून आहे, म्हणून ‘एल आवॅ मांझे’. ‘दुपारी आजी झोपली होती म्हणून रात्री तिला झोप येईना’ या वाक्यात मात्र दुपारची झोप संपून गेलेली आहे, तेव्हा तुम्ही लिहिलेले ‘एल आवॅ दोर्मी’ इथे अगदी योग्य ठरेल. मराठीत शब्द तेच राहतात आणि फ्रेंचमध्ये काळ बदलतो, म्हणून रूपाकडे न पाहता त्या क्षणी डोळ्यांसमोर काय होते हे आधी मनाशी ठरवावे.

आता दहा वर्षांचे वाक्य. ‘राहत होतो’ हे रूप मराठीत चालू क्रियेचे आहे आणि मुदत सांगितली तरी आपण ते बदलत नाही. फ्रेंचमध्ये मुदतीची दोन्ही टोके मिटली, म्हणजे ‘पांदां दीझां’, दहा वर्षे आणि मग तिथला मुक्काम संपला, की ती सारी दहा वर्षे मिळून एक घडलेली गोष्ट होते आणि पासे कोंपोझे येतो. क्रिया किती लांबली याला इथे महत्त्व नाही; शंभर वर्षे चाललेली गोष्टसुद्धा मोजून बंद केली की पासे कोंपोझेतच जाते. मात्र तुम्ही ‘आजोबा वारले तेव्हा आम्ही दहा वर्षांपासून मालवणात राहत होतो’ असे लिहिले असते, तर एक टोक उघडे राहिले असते आणि ‘दप्वी दीझां’ या शब्दांबरोबर तुमचा ‘नू-झाबितियों’ बरोबर ठरला असता. मराठीतला ‘पासून’ इथे तुमच्या मदतीला येतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

मोजण्याचा हाच नियम संख्येलाही लागतो. त्या दिवशी तीन वेळा रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली, तर ‘नू-झावों तिरे’. दर रविवारी आम्ही रापण ओढायला जायचो, तर ‘नू-झालियों’. आपल्याकडे सवयीच्या भूतकाळासाठी किती रूपे आहेत पाहा: जायचो, जात असू, जुन्या धाटणीचे ‘आजोबा पहाटे उठत आणि समुद्रावर जात’, शिवाय चालू क्रियेसाठी ‘जात होतो’ वेगळेच. फ्रेंचमध्ये या सगळ्यांना मिळून एकच अँपारफे आहे, आणि याबाबतीत आपल्याला निवड करावीच लागत नाही.

माडाची सावली, देवगड

‘मांझे’चे उत्तर मी देते, ते लहान आहे (रोमन अक्षरांची नावे इंग्रजीप्रमाणे लिहिते). फ्रेंचमध्ये ‘जी’ या अक्षराचा उच्चार ‘ई’ आणि ‘आय’ यांच्यापूर्वी झ असा होतो, पण ‘ए’ आणि ‘ओ’ यांच्यापूर्वी ग असा होतो. ‘झ’, ‘त्यू’, ‘इल’ (मी, तू, तो) यांचे प्रत्यय (ए-आय-एस, ए-आय-एस, ए-आय-टी) आणि अनेकवचनी ‘इल’चा प्रत्यय (ए-आय-ई-एन-टी) ‘ए’ने सुरू होतात, म्हणून मध्ये ‘ई’ घालून झ टिकवावा लागतो. ‘नू’ आणि ‘वू’ (तुम्ही) यांचे प्रत्यय ‘आय’ने सुरू होत असल्याने तिथे ती गरज उरत नाही. ‘कोमांसे’ (सुरू करणे) या क्रियापदात ‘सी’खालची शेपटी याच कारणाने येते आणि जाते.

चारही ‘ए’वाल्या रूपांचा उच्चार एकच असतो, त्यामुळे बोलताना सुख आहे, पण लिहिताना शेवटची अक्षरे निष्काळजीपणे टाकली जातात. ‘नू-झेत्युदियों’ (आम्ही अभ्यास करत होतो) लिहिताना दोन ‘आय’ लागतात, कारण एक धातूचा आणि एक प्रत्ययाचा असतो. अपवाद म्हणाल तर ‘एत्र’ (असणे) हा एकच आहे, त्याचे ‘झेतॅ’ होते. ‘फॅर’चे (करणे) ‘झ फझॅ’ हे रूप ‘नू फझों’वरून नियमानेच बनते, उच्चार ऐकून ते वेगळे वाटते इतकेच.

आमच्या घरी निवास-न्याहारीची सोय आहे आणि फ्रेंच बोलणारे पाहुणे अधूनमधून येतात, म्हणून आणखी एक वापर सांगावासा वाटतो. ‘तुम्हाला एक विचारायचे होते’ असे आपण आताच्याच प्रश्नासाठी नम्रपणे भूतकाळात म्हणतो ना? फ्रेंचही तसेच म्हणतात: ‘झ वूलॅ वू दमांदे केल्क शोझ’. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला ती भाषा एकदम घरातली वाटली.

सुरंगी, वेंगुर्ले

कातळ सर, ताई, दोघांचेही मनापासून आभार. ‘त्याआधीच’ घालून पाहण्याची युक्ती मी वहीत लिहून घेतली. परिच्छेद पुन्हा लिहिला आहे, त्याचा आशय असा: आजोबा रोज पहाटे होडी घेऊन जायचे (अँपारफे); त्या दिवशी आभाळ भरून आले होते (अँपारफे घेतला, कारण आम्ही पाहिले ते भरलेले आभाळ); अचानक वादळ आले (पासे कोंपोझे); आम्ही किनाऱ्यावर वाट पाहत होतो (अँपारफे); होडी सुखरूप परतल्याचे आम्हाला संध्याकाळी कळले. या शेवटच्या वाक्यात ‘सावॉर’ हे क्रियापद वापरून मी ‘नू साव्हियों’ लिहिले आहे. आणि ‘आम्हाला भीती वाटली’ हे वाक्य कुठे बसवावे तेवढे अजून ठरत नाही.

कातळ, रत्नागिरी

भरलेल्या आभाळाचा निर्णय तुम्ही अचूक घेतलात. ‘कळले’ मात्र बदला. ‘सावॉर’ अँपारफेमध्ये आले तर अर्थ ‘माहीत होते’ असा होतो आणि पासे कोंपोझेमध्ये आले तर ‘कळले’ असा होतो. आपण ज्यासाठी दोन वेगळे शब्द ठेवले आहेत ते काम तिथे काळाच्या बदलाने होते. म्हणून ‘नू-झावों स्यू’. ‘कोनॅत्र’चेही तसेच: ‘झ ल कोनॅसॅ’ म्हणजे मी त्याला ओळखत होतो, आणि पासे कोंपोझेमध्ये त्याचा अर्थ ओळख झाली असा होऊ शकतो.

भीतीचे वाक्य तुम्ही कुठे ठेवता त्यावर त्याचा काळ ठरेल. किनाऱ्यावर वाट पाहत असताना मनात भीती होतीच, असे सांगायचे असेल तर ‘नू-झावियों पर’ लिहून ते ‘वाट पाहत होतो’ला जोडा. वीज कडाडली आणि त्या क्षणी काळजात धस्स झाले असे सांगायचे असेल, तर ‘नू-झावों यू पर’ लिहून ते वादळाच्या वाक्यानंतर लगेच ठेवा. त्या संध्याकाळी किनाऱ्यावर तुम्ही होतात, तेव्हा दोहोंपैकी खरे काय होते ते तुम्हालाच ठरवावे लागेल.

सुरंगी, वेंगुर्ले

भीती आधीपासूनच होती, सर. ‘नू-झावियों पर’ लिहिते.