शब्दचर्चा : ‘सूक्ष्मनलिका आणि पेशीपटल यांची आंतरक्रिया’

प्रश्न : वनस्पतिपेशीतल्या संदेशवहनावर टिपण लिहितोय. पेशीच्या आतल्या प्रथिनांच्या बारीक नळीला, म्हणजे मायक्रोट्यूब्यूलला, ‘सूक्ष्मनलिका’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, संदेश नळीतून वाहत जातो. दुसरा शब्द सुचवाल? आणि शीर्षकातली ‘आंतरक्रिया’ चालेल का?

प्रतिसाद १ : सूक्ष्मनलिका राहू द्या, रुळलेला शब्द आहे. लेडबेटर आणि पोर्टर यांनी १९६३ मध्ये वनस्पतिपेशींचं वर्णन करताना नळीवरूनच नाव दिलं होतं, आणि आकार आहेही तसाच : ट्यूब्युलिन प्रथिनाच्या बहुधा १३ उभ्या माळा शेजारी जुळून २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी होते. आतून संदेश वाहत नाही, एवढं एकदा सांगून टाका.

‘आंतरक्रिया’ मात्र काढाच. असले शब्द लिहायला सोयीचे, पण कोण कोणाला काय करतं ते त्यातून कळत नाही. वाढत्या वनस्पतिपेशीत या नलिका पेशीपटलाला (पेशीभोवतीच्या पातळ पडद्याला) आतल्या अंगाने लगटून असतात, म्हणून एकीकडे काही झालं की दुसरीकडे जाणवतं. गाजराच्या पेशींत नलिका मोडल्या, तेव्हा पटलातल्या कॅल्शियमवाहिन्या (कॅल्शियम आत घेणारी दारं) जास्त सक्रिय झाल्या. इथे सरळ ‘नलिका मोडल्या की वाहिन्या उघडतात’ असं लिहा. उलट दिशेचं उदाहरण खारट पाण्याचं. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपात मिठाचा ताण आला की पटलावरचं फॉस्फोलायपेज डी हे विकर (एन्झाइम) फॉस्फॅटिडिक आम्ल हा स्निग्ध पदार्थ तयार करतं. ते मॅप६५-१ या प्रथिनाला चिकटतं, आणि ते प्रथिन नलिकांच्या जुड्या बांधून त्यांना टिकवतं. इथे पटल नलिकांना सावरतं. दोन्ही ठिकाणी एकच ‘आंतरक्रिया’ लिहिली, तर हा फरकच पुसला जातो.

प्रतिसाद २ : ‘पटल’ आणि ‘भित्तिका’ (पटलाबाहेरची टणक भिंत) यांची गल्लत टाळा. सेल्युलोज बनवणारी यंत्रणा पटलात बसलेली असते, खालच्या नलिकांच्या रोखाने सरकते आणि धागे बाहेर भित्तिकेत सोडते. जिवंत पेशीत हे सरकणं २००६ मध्ये दिसलं. बरेच जण ‘नलिका भित्तिकेला चिकटतात’ असं लिहितात, ते चूक. मध्ये पटल आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग ‘संदेश’ की ‘संकेत’?

प्रतिसाद १ : पेशीत कॅल्शियम वाढणं हा संकेत. तिथून पुढची सगळी साखळी, ती संदेशवहन. शीर्षकाला ‘सूक्ष्मनलिका आणि पेशीपटल : कोण कोणाला हलवतं?’ कसं वाटतं?

प्रश्नकर्ता : ‘हलवतं’ऐवजी ‘सांगतं’ घेतो.