१९६८ ची पेट्रोल जीप घरीच दुरुस्त करायची आहे. कामाचा क्रम कसा असावा?

धोमकाठ

नमस्कार. आमच्या घरी १९६८ साली नोंदणी झालेली महिंद्रा सीजे ३बी ही उंच बॉनेटची पेट्रोल जीप आहे. आजोबांनी ती शेतीसाठी घेतली होती, आणि वाईच्या बाजारात हळदीची पोती नेण्यापासून चिखलात रुतलेली बैलगाडी ओढून काढण्यापर्यंत सगळी कामे तिने केली आहेत. वडिलांच्या आजारपणात ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी राहिली, त्याला आता अकरा वर्षे झाली. वडिलांना पुन्हा एकदा तिच्यातून मळ्यापर्यंत न्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हँडल घातले की इंजिन हाताने फिरते, म्हणजे ते जाम झालेले नाही. ब्रेकचे पेडल मात्र सरळ तळाला जाते. उभी करण्याआधीचा एक दोष मला चांगला आठवतो: वेग ताशी चाळीसच्या पुढे गेला आणि चाक एखाद्या खड्ड्यातून गेले, की पुढची दोन्ही चाके जोरजोराने थरथरू लागत आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ती थरथर थांबत नसे. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजला दाखवली, तेव्हा त्यांनी रंगकाम, रुंद टायर आणि डिझेल इंजिन असा एकत्र खर्च सांगितला. थरथरीबद्दल विचारल्यावर ‘टायर बदलले की थांबेल’ एवढेच उत्तर मिळाले, ते मला पटले नाही.

माझ्याकडे शनिवार-रविवार, पान्यांचा बऱ्यापैकी संच, सपाट कोबा असलेली शेड आणि मदतीला चुलतभाऊ आहे. कोणत्या कामापासून सुरुवात करावी, कोणती कामे घरी करू नयेत आणि डिझेल इंजिनाचा विचार करावा का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुना फिटर

तुम्हाला ते उत्तर पटले नाही, हे योग्यच झाले. झिजलेल्या सांध्यांवर रुंद टायर बसवले तर थरथर कमी होण्याऐवजी बहुधा वाढतेच, कारण जड चाकाचा धक्का त्याच सैल सांध्यांवर येतो. माझे स्पष्ट मत असे, की ब्रेक आणि स्टीअरिंग पूर्ण होईपर्यंत इंजिनाला आणि रंगाला हात लावू नये. इंजिन आधी सुरू झाले, की गाडी ‘जरा गेटपर्यंत’ नेण्याचा मोह होतो, आणि जुन्या जीपचे बरेच अपघात तेवढ्याच अंतरात होतात.

गाडी चारही बाजूंनी पक्क्या घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी करा; नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. चाकांचे नट मात्र चाके जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्या, आणि त्यापूर्वी डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टच्या टोकावर इंग्रजी ‘एल’चा ठसा आहे का, ते पाहा. जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, आणि हे माहीत नसल्यामुळे पाइप लावून जोर देऊन बोल्ट तोडलेले मी अनेकदा पाहिले आहे.

आता थरथरीकडे वळू. पुढचे चाक अधांतरी असताना टायर वर आणि खाली धरून हलवा. खेळ (सैलपणा) जाणवला, तर तो व्हील बेअरिंगचा आहे की किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते तिच्या, बेअरिंगचा, हे ठरवावे लागते. एरवी दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगतात: ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा आणि तरीही राहिला तर किंगपिनचा. तुमचे ब्रेक लागत नसल्यामुळे ड्रम आणि त्यामागची न फिरणारी तबकडी, म्हणजे बॅकप्लेट, यांच्यामधल्या फटीवर बोट ठेवून चाक हलवा. नुसता ड्रम हलत असेल तर व्हील बेअरिंग. बॅकप्लेटसकट सगळेच हलत असेल तर किंगपिन. किंगपिनच्या वरच्या आणि खालच्या टोप्यांखाली पातळ शिम (धातूच्या चकत्या) असतात. बेअरिंग चांगले असेल तर शिम काढून ते आवळता येते, पण वरून आणि खालून सारख्याच जाडीच्या शिम काढाव्यात, नाहीतर नकलचा, म्हणजे चाक वळवणाऱ्या भागाचा, मध्य सरकतो.

त्यानंतर चाके जमिनीवर टेकवून चुलतभावाला स्टीअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही एकेका सांध्यावर हात ठेवून पाहा. ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सकडून येणारा दांडा) याची दोन्ही टोके, टाय रॉडचे (चाकांना जोडणाऱ्या दांड्यांचे) सांधे, स्टीअरिंग बॉक्समधून बाहेर येणारी शाफ्ट आणि पुढच्या आडव्या चॅनलवर बसवलेला बेल क्रँक, म्हणजे त्या दांड्यांना जोडणारी फिरती तरफ, या प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा खेळ साठत जातो. यांपैकी बेल क्रँककडे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. त्याची पिन आणि बेअरिंग झिजले असतील तर बाकी सगळे नवे टाकूनही गाडी सरळ चालत नाही. सांधे घट्ट झाल्यावरच टो-इन (पुढच्या चाकांचा पुढच्या बाजूला आत असलेला किंचित कल) लावा; तो या गाडीला साधारण १.२ ते २.४ मिलिमीटर असतो आणि घरी मोजपट्टीने नीट लावता येतो. पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) शॅकल आणि बुश याच वेळी पाहून घ्या.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर करू नका. या गाडीत चारही चाकांना तेलाची एकच वाहिनी आहे, त्यामुळे एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. पेडलने दाबला जाणारा मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याच्या खालच्या बाजूला असतो आणि त्यावर माती-पाणी साचते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून अकरा वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे व्हील सिलिंडर (चाकांजवळचे ब्रेकचे सिलिंडर) आतून खड्डे पडलेले निघण्याची शक्यता जास्त आहे. तशा सिलिंडरमध्ये नुसते रबर किट घातले तर ते काही महिन्यांतच गळू लागते. सिलिंडरच बदलावेत आणि रबरी होज व धातूच्या नळ्या सगळ्या नव्या टाकाव्यात. मागचे ड्रम निमुळत्या शाफ्टवर चावीने (खाचेत बसणाऱ्या धातूच्या तुकड्याने) बसवलेले असतात, ते काढायला पुलर (खेचून काढण्याचे साधन) लागतो. हातोड्याने ठोकल्यास आतल्या बेअरिंगला इजा होते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

ड्रम लेथवर फिरवून घेणे आणि चेसिसचे वेल्डिंग, ही दोन कामे मी घरी करणार नाही. बाकी सारे तुम्हाला जमेल.

सह्यवाट

जुन्या फिटरांनी सांगितलेल्या क्रमाशी मी सहमत आहे, म्हणून मी फक्त इंजिनाबद्दल लिहितो. ते बदलू नका, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तुमच्या गाडीतले २,१९९ सीसीचे हरिकेन इंजिन वेगळ्या घडणीचे आहे: इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळेच इंजिनाची उंची वाढली आणि गाडीला ते उंच बॉनेट मिळाले. शिवाय या गाडीच्या क्राउन-पिनियनचे (ॲक्सलमधल्या दात्यांच्या जोडीचे) गुणोत्तर ५.३८ आहे. ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २,४०० ते २,५०० फेरे घेते. कमी फेऱ्यांवर चालणारे जड डिझेल इंजिन याच क्राउन-पिनियनवर बसवले, तर वेग मिळत नाही आणि पुढच्या पाट्यांवर व त्या छोट्या ड्रम ब्रेकवर वजन मात्र वाढते.

सुरू करण्याआधी चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी हँडलने सावकाश फिरवा. ऑइल बदलून, प्लग न लावताच स्टार्टरने फिरवून ऑइल प्रेशर दिसू लागले, की मगच प्लग बसवा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर लावावेत: इनटेकला ०.०१८ इंच आणि एक्झॉस्टला ०.०१६ इंच. इनटेकचे वरचे झाकण काढून लागतात. एक्झॉस्टसाठी ब्लॉकच्या बाजूचे झाकण काढावे लागते, आणि ते अवघड जागी असल्यामुळे बरेच जण त्याला हातच लावत नाहीत. फायरिंग ऑर्डर (सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम) १-३-४-२ आहे.

टाकी काढून आतून धुऊन घ्या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुनी रबरी नळी व पेट्रोल पंपाचा पडदा त्याने लवकर खराब होतो, तेव्हा दोन्ही इथेनॉलला टिकणारेच घ्या.

आरसी बुक

कामाला लागण्याआधी कागद पाहावेत. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी नमुना २५ मध्ये अर्ज, वाहनाची तपासणी आणि हरित कर लागतो. तुमची मुदत संपली असेल, तर विलंबाची रक्कम किती होते, हे परिवहन कार्यालयात आधीच विचारून घ्या. नोंदणी पुस्तक अजून आजोबांच्या नावावर असेल, तर वारसाहक्काने नाव बदलण्याचे कामही आधी करावे लागेल.

डिझेल इंजिनाबाबत कायद्याची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही आणि पुस्तकात पेट्रोल असताना गाडीत डिझेल इंजिन निघाले, तर तपासणीतच काम अडते. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तुमची गाडी वयाने त्यात बसते, मात्र तशी नोंदणी केल्यावर ती रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. मळ्यात ये-जा करायची असेल, तर नेहमीचे नूतनीकरणच तुमच्या सोयीचे ठरेल.

एक सूचना. चेसिसवरचा कोरलेला क्रमांक गंज काढताना घासला जाऊ नये. त्याचे फोटो आजच काढा, आणि सँडब्लास्टिंगला देण्यापूर्वी त्या जागेवर जाड चिकटपट्टी लावा.

धोमकाठ

सर्वांचे मनापासून आभार. डिझेलचा विचार मी सोडला आहे. काल गाडी घोड्यांवर घेतली. डाव्या बोल्टांवर खरोखरच ‘एल’ निघाला, आणि तो पाहिला नसता तर मी पाइप लावणारच होतो. डाव्या चाकाचा ड्रम बॅकप्लेटसकट हलतो, उजवे चाक ठीक वाटते. बेल क्रँक मात्र हाताने वर-खाली उचलता येतो. पुस्तक आजोबांच्याच नावावर आहे, त्यामुळे सोमवारी वडिलांच्या सह्या घेऊन कागदांचे काम सुरू करतो. डाव्या किंगपिनचे बेअरिंग बदलताना उजवेही उघडावे का?

जुना फिटर

होय, दोन्ही उघडा. बॉल हौसिंगच्या मोठ्या ऑइल सील दोन्हीकडे तशाही बदलाव्या लागतील, आणि उजवीकडचे बेअरिंग हातात घेऊन पाहिल्याशिवाय त्याच्या रोलरवर गंजाचे डाग आहेत का, हे कळणार नाही. काढलेल्या शिम वरच्या कोणत्या आणि खालच्या कोणत्या, हे लिहून वेगवेगळ्या पुड्यांत ठेवा. बेल क्रँकची पिन बाहेर काढली, की तिचा फोटो इथे टाका.