एका दिवसात जीन्स वाळली!!

काकू बी ३०२: मंडळी आनंदाची बातमी आहे. सकाळी आठला दोरीवर जीन्स टाकली, चारला काढली, खडखडीत वाळलेली!! कमरेच्या पट्टीला हात लावून बघितला, खिसे उलटे करून बघितले, कुठ्ठे ओल नाही. जूनपासून पहिल्यांदा 🙏

ए १०४: अभिनंदन काकू 😄 आमच्याकडे अजून हॉलमध्ये पंख्याखाली स्टँडच आहे, कोणी आलं की आधी बनियन उचलायचे आणि मग बसा म्हणायचं

बी ४०१: तो कुबट वास गेला हे सगळ्यात मोठं सुख. टॉवेलला चक्क उन्हाचा वास येतोय, मी मगाशी दोनदा हुंगला, घरचे बघत होते

सेक्रेटरी: सर्वांना नम्र सूचना. पाऊस अजून गेलेला नाही. हवामान खात्याच्या हिशोबाने राजस्थानातून तो १७ सप्टेंबरला निघतो आणि मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या आसपास जातो, पुण्याचंही साधारण तेव्हाच. त्यामुळे गच्चीवर गाद्या टाकून ऑफिसला निघून जाऊ नये. गेल्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

काकू बी ३०२: गादीवाले ग्रुपवरच आहेत, फक्त बोलत नाहीयेत 🤭

आजोबा ए २०१: सेक्रेटरी बरोबर सांगतायत. हस्त लागलाय, २७ सप्टेंबरच्या सुमाराला लागतो तो. दुपारपर्यंत डोकं तापेल असं ऊन, चार वाजले की पूर्वेकडून काळं भरून येतं आणि हत्ती गडगडतो, अर्धा तास झोडपून परत लख्ख. तुम्हाला इथे कपड्यांची पडलीय पण आमच्या सोलापूरकडे वडील याच पावसाची वाट बघत ओसरीवर बसून असायचे, कारण हस्ताने जमिनीत ओल धरली तरच रब्बीची ज्वारी, नाहीतर वर्षभर भाकरीचे वांधे. मालदांडी तर नुसत्या त्या ओलीवर आणि पुढच्या थंडीतल्या दवावर निघायची. पाऊस आला की आई कपडे काढायला धावायची आणि वडील तिला म्हणायचे, भिजू दे गं

ए १०४: आजोबा 👌👌

बी २०३: गच्चीवरून आठवलं, संध्याकाळी वर ते हेलिकॉप्टर किडे केवढे आलेत, शेकड्याने घिरट्या घालतायत, मुलगा खालीच यायला तयार नाही. चावत नाहीत ना?

बी ५०२ (कॉलेजवाली): नाही हो ताई, ते चतुर आहेत, उलट डास खातात. पावसाच्या डबक्यात वाढतात आणि डबकी आटायला लागली की निघतात. यातली एक जात तर समुद्र ओलांडून आफ्रिकेला जाते असं मानतात!! मालदीवला राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन नावाच्या संशोधकाने बघितलं की दर ऑक्टोबरला तिथे चतुरांचे थवेच्या थवे उतरतात, आणि त्या बेटांवर गोडं पाणी जवळजवळ नाहीच मग हे आले कुठून, तर भारताकडून, वाऱ्यावर बसून. २००९ ला त्याने ते छापलं. पाच सेंटिमीटरचा पण नाही तो जीव

बी २०३: बापरे. आणि आम्हाला लोणावळ्याला जायचं तर आठवडाभर बॅगा भरतो

ए ३०३: विषय निघालाच आहे तर गेटजवळच्या त्या झाडाचं बघा जरा. रात्री आठनंतर वास नुसता डोक्यात जातो, मला खिडक्या लावून बसावं लागतं. फांद्या तरी कमी करा

बी ४०१: अहो नको!! सातवीण आहे ती, याच दिवसात तर फुलते. ऑफिसमधून येताना कोपऱ्यावर वळलं की वास येतो आणि मला कळतं दिवाळी जवळ आली

ए ३०३: तुम्ही पाचव्या मिनिटाला लिफ्टमध्ये असता, माझ्या बेडरूमच्या खिडकीला टेकलंय ते

काकू बी ३०२: यांचंही खरं आहे हं, लांबून गोड आणि जवळून मळमळ असा आहे तो वास. आमच्या ह्यांनाही त्रास होतो

आजोबा ए २०१: त्याच्या लाकडाच्या पूर्वी शाळेच्या पाट्या करायचे. शांतिनिकेतनात पदवीदानाला त्याचीच पानं द्यायची परंपरा आहे. झाडाला हात लावू नये असं माझं मत.

बी २०३: मुलाने खाली पडलेल्या डहाळीची पानं मोजली, म्हणतो सात नाहीयेत, एका ठिकाणी पाच आहेत आणि एका ठिकाणी सहा, नाव चुकलंय 😂

सेक्रेटरी: महापालिकेच्या परवानगीशिवाय फांदी तोडता येत नाही. खिडकीला लागणाऱ्या फांद्यांपुरता अर्ज करू. बाकी झाड राहील. विषय संपला.

ए ३०३: चालेल. मला पण झाड नको असं नाहीये, झोप हवीय

ए १०४: कोणाला ओल्या शेंगा हव्यात का, कोपऱ्यावर गाडी आलीये. मिठाच्या पाण्यात हळद घालून कुकरला लावल्यात, शिट्टी झाली की दार उघडं आहे. सीताफळंही होती, पण डोळे उघडले नव्हते, दगड होती नुसती, म्हणून नाही घेतली

काकू बी ३०२: अगं घ्यायची, तांदळाच्या डब्यात ठेवली की दोन दिवसांत होतात. आत्ता ती लोणीवाली मिळतात, नंतर दिवाळीत नुसत्या बियाच. शेंगा घ्यायला आले.

बी ४०१: सगळ्यांनी लक्ष द्या!! उद्याचा भोंडला सहा वाजता गच्चीवर. पाट आणि रांगोळी माझ्याकडे, हत्ती मी काढणार, गेल्या वर्षी सोंड इतकी बारीक झाली होती की मुली उंदीर म्हणत होत्या, कोणी काढला होता ते बोलत नाही. खिरापत ए विंगकडे. गडगडलं तर पार्किंगमध्ये.

बी ५०२ (कॉलेजवाली): मी पण येणार, गेल्या वर्षी परीक्षा होती

बी २०३: खिरापत काय आहे? गोड का तिखट?

ए १०४: ग्रुपवर ओळखायची नसते 😡 डबा वाजवून ओळखायची

बी २०३: वाजतो का?

ए १०४: थोडासा

काकू बी ३०२: शेंगदाण्याचे लाडू!

ए १०४: नाही

आजोबा ए २०१: करंजी.

ए १०४: नाही आजोबा. आणि पुरुषांना ओळखायला परवानगी नाहीये 😄

सेक्रेटरी: गच्चीची किल्ली वॉचमनकडे ठेवली आहे. बाकरवडी का?

ए १०४: …

बी ४०१: ओळखली!!! आता दुसरं काहीतरी करा 🤣