मदत हवी आहे: लेगोच्या माणसासाठी होंडा तादाकात्सुचं शिंगांचं शिरस्त्राण

नमस्कार मंडळी,

लेगोच्या साध्या माणसांना हाताने बनवलेली काबुतो, म्हणजे सामुराई शिरस्त्राणं घालून सेंगोकू काळातल्या, म्हणजे जपानमधल्या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या यादवीच्या काळातल्या सरदारांची फळी उभी करतोय. तयार प्लास्टिकची काबुतो मिळतात, पण सगळी एकाच साच्यातली. त्या काळात रणांगणावर सरदार डोक्यावरच्या काबुतोवरूनही ओळखू यायचा, त्यामुळे प्रत्येकाचं वेगळंच हवं असा माझा आग्रह आहे.

दाते मासामुने छान जमला. त्याच्या कपाळावरची चंद्रकोर कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्यातून कापली. ही कोर दोन्हीकडे सारखी नसते, त्याच्या उजव्या हाताकडचं टोक आखूड असतं. तलवार उगारताना आड येऊ नये म्हणून, असं सांगतात. काळ्या टोपावर ती सोनेरी कोर बसली की चेहरा न रंगवताही मासामुने ओळखू येतो!

घोडं अडलंय ते होंडा तादाकात्सुपाशी. पुढे जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश झालेल्या तोकुगावा इएयासूचा हा सरदार, आणि त्याच्या काबुतोवर हरणाची भलीमोठी, फाटे फुटलेली शिंगं. माझा माणूस जेमतेम चार सेंटीमीटर उंच. इपॉक्सी पुट्टीची शिंगं जाड ठेवली तर फांद्या वाटतात, बारीक केली तर बोट लागताच मोडतात. शिवाय मानेवर उतरणारी पट्ट्यांची झालर, शिकोरो, पुट्टीत कोरली की उपडं घमेलं ठेवल्यासारखी दिसते. आणि टोप काढता-घालता यायला हवा. कुणी केलंय का असं काही?

प्रतिसाद १

शिंगांसाठी पुट्टी सोडा, कागद घ्या. तादाकात्सुची मूळ शिंगंसुद्धा कागदाचीच आहेत: वाशी या जपानी हातकागदाचे थर एकमेकांवर चिकटवून वरून उरुशीचं, म्हणजे एका झाडाच्या चिकाचं रोगण. एवढी मोठी शिंगं डोक्यावर पेलायची तर ती हलकीच हवीत. त्या काळातली चित्रविचित्र आकारांची कितीतरी काबुतो अशीच असत; आत साधा लोखंडी टोप, वरचा सगळा आकार कागद आणि रोगणाचा. या पद्धतीला हारिकाके म्हणतात.

तुमच्या मापात असं करा. विजेच्या लवचीक वायरमधले तांब्याचे केसासारखे धागे काढा, चार-पाच एकत्र पिळा. जिथे फाटा हवा तिथे एक धागा बाहेर वळवा, उरलेले पुढे पिळत न्या. म्हणजे बुंधा आपोआप जाड आणि टोक बारीक होतं. मग टिश्यू पेपरच्या अगदी अरुंद पट्ट्या पातळ फेविकॉलमध्ये भिजवून गुंडाळा. एक थर पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा नको. बुंध्याखाली थोडी तार मोकळी ठेवा, ती टोपात भोक पाडून आतून वळवता येते. अशी शिंगं धक्का लागला तर वाकतात, मोडत नाहीत.

प्रतिसाद २

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. शिकोरोही कागदाचीच करा. जाड कार्डाच्या कमानदार पट्ट्या कापून, खालची पट्टी वरचीवर बाहेरून थोडी चढवत चिकटवा. सगळ्यात खालची पट्टी सर्वांत रुंद. वरच्या पट्ट्यांची पुढची टोकं चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर दुमडायची, त्यांना फुकिगाएशी म्हणतात. ती दुमड दिसली की काबुतोला खरा चेहरा येतो.

टोप काढता यावा म्हणून डोक्याला आणि वरच्या गुंडीला व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा आणि मगच पुट्टी दाबा. अर्धवट कडक झाली की हलकेच फिरवून काढा आणि बाहेर सुकू द्या. भट्टीत भाजायची पॉलिमर क्ले वापरणार असाल तर माणूस आत ठेवू नका, त्या तापमानाला लेगोचं प्लास्टिक मऊ पडतं. आणि सुपरग्लूचं काम टोप माणसाच्या डोक्यावर असताना कधीच नको. त्याच्या वाफेने प्लास्टिकवर पांढुरकी साय धरते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! मूळ शिंगं कागदाची आहेत हे वाचून फार आनंद झाला. आता तीही हारिकाकेनेच करणार.

एक शेवटचं विचारतो. शिकोरोच्या पट्ट्या बांधणाऱ्या दोऱ्या, ओदोशी, या मापात रंगाने काढाव्यात की खरा रेशमी दोरा उकलून एकेक तंतू चिकटवावा? तादाकात्सुच्या चिलखताच्या दोऱ्या काळ्या, त्यामुळे काळ्यावर काळं उठून कसं दिसेल याचाच विचार चाललाय.